डाव्या पिळाची सून

चाकं बंद पडून निम्मा उन्हाळा सरला होता. वरच्या गावाच्या माळावर एके काळी सकाळपासून चाकांची कुरकुर ऐकू यायची. आता तिथे शेळ्या बसायच्या आणि वस्ताद त्यांना खडे मारायचे. खडा कधीच लागायचा नाही. शेळ्यांनाही हे कळून चुकलं होतं, त्यामुळे त्या उठायच्या नाहीत.

वस्ताद म्हणजे गावातल्या दोर वळणाऱ्यांतले सगळ्यात जुने. घायपाताची पानं कुटून काढलेला पांढरा वाख कमरेला गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाला लावायचं, आणि कुणी चाक फिरवत असताना बोटांतून धागा सोडत मागे मागे चालत जायचं, असा त्यांचा उभा जन्म गेला. म्हातारपणी लोक पुढे वाकतात. वस्ताद मागे झुकले होते. रागावले की आणखी मागे झुकायचे, आणि हल्ली दिवसभर तसेच असायचे.

खरा राग प्लॅस्टिकच्या दोरावर होता. पण प्लॅस्टिकला शिव्या देऊन मन भरत नाही, म्हणून तो घरातल्यांवर निघायचा. घरात तीन माणसं: बायको, मुलगा आणि सून. मुलाने खाणीवर जायचं ठरवलं होतं. खाण लांब. गेलेला माणूस वर्षभर तोंड दाखवत नाही, आणि येतो तेव्हा खोकत येतो. गावातली बाकीची तरुण मंडळी त्याच्याच पावलावर पाऊल टाकायला टपलेली. वस्तादांचा मुलगा गेला की माळ संपला, हे प्रत्येकाला कळत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं.

सून खालच्या गावची. खालचं गाव नदीच्या उताराला, चालत गेलं तर जेवणवेळेपर्यंत पोचावं एवढ्या अंतरावर. तिथेही दोरच वळतात. फरक एवढाच की वरच्या गावात चाक उजवीकडे फिरतं आणि खालच्या गावात डावीकडे. का, ते कुणालाच ठाऊक नाही. दोन्ही गावं आपल्या पिळाला सरळ म्हणतात आणि दुसऱ्याच्या पिळाला उलटा. लग्न होऊन आल्यावर सून हौसेने चाकाशी बसली आणि तिने ते माहेरच्या सवयीने डावीकडे फिरवलं. सगळा माळ खो खो हसला. वस्तादांनी तिचा हात मुठीवरून उचलून बाजूला ठेवला, जसं जेवणातला खडा उचलून ठेवतात.

"या चाकाला पुन्हा हात लावायचा नाही," ते म्हणाले.

तेव्हापासून ती वाख विंचरायची. फणीतून ओढून ओढून धागे सरळ करायचे, नाकातोंडात कुसळं जायची, हात खाजून लाल व्हायचे. माळावर तिचं नाव पडलं 'डाव्या पिळाची'. ती हसून ओ द्यायची. पण ते नाव तिला दर वेळी टोचायचं, आणि हे टोचणं जुनं होत नव्हतं.

अशात एका सकाळी छत्री घेतलेली एक बाई माळावर आली. नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या धक्क्याची ती अधिकारी. शेळ्या तिला बघून लगेच उठल्या, ते वस्तादांना फार लागलं.

"प्लॅस्टिकचा दोर उन्हात कडक होतो. खुंटावरून घसरतो," बाई म्हणाल्या. "मला वाखाचा दोर पाहिजे. पण असा बारका नको." त्यांनी पिशवीतून एक लोखंडी कडी काढली. मनगट सहज आत जाईल एवढी. "ही कडी गच्च भरली पाहिजे, एवढा जाड. आधी एक करून दाखवा. धक्क्याच्या यारीला, म्हणजे ओझं उचलायच्या यंत्राला, लावून बघू. टिकला, तर सगळ्या बोटींचे दोर इथूनच. कायमचे."

वस्ताद कडीकडे बघत राहिले. एवढा जाड दोर म्हणजे आठ पदर. आणि धक्क्याला पुरेल एवढ्या लांबीचा एकेक पदर म्हणजे सगळ्या चाकांना पुरून उरेल इतकं काम.

"हे एका गावाचं काम नाही, बाई."

"मला ठाऊक आहे. खालच्या गावातही हेच म्हणाले. डोंगरावर वाख कुटणारे म्हणाले, एवढा वाख एका गावाला दिला तर दुसरं गाव आमची मुंडी मुरगाळेल." बाईंनी छत्री मिटली. "तिघं मिळून करा, नाहीतर मी शहरातून प्लॅस्टिक मागवते. माझं डोकं त्यातही दुखतंच, पण निदान ओळखीचं दुखतं."

बैठक दोन गावांच्या मधोमध, नदीकाठच्या रिकाम्या पडवीत भरली. वरच्या गावातून वस्ताद आणि त्यांचा मुलगा. खालच्या गावातून सुनेचा थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणत आणि जो उंचीने इतका कमी होता की बोलताना कायम टाचा उचलायचा. डोंगरावरून वाखवाला आला होता. त्याच्या अंगाला घायपाताचा आंबूस वास येत असे, त्यामुळे त्याला बसायला नेहमी ऐसपैस जागा मिळे.

"सगळा वाख देतो," वाखवाला म्हणाला. "पण एकदाच. पुढची पानं पावसाशिवाय येत नाहीत. वाया घालवलात तर माझ्याकडे बघू नका."

ठरलं झटपट. चार पदर वरच्या गावाने वळायचे, चार खालच्या. मग पडवीसमोरच्या मैदानात एकत्र आणून दोर करायचा. पिळाचा विषय निघाला नाही. हे नवल वाटेल, पण नवल नाही. दोन्ही गावांना एकमेकांचा पीळ पक्का ठाऊक होता. फक्त दोघांनीही मनात धरलं, की एवढ्या मोठ्या कामाला तरी समोरचे शहाण्यासारखं सरळ चाक फिरवतील.

माळावर चाकं पुन्हा फिरू लागली. तरुण पोरं कमरेला वाख बांधून मागे चालू लागली, कुणी दगडाला अडखळून पडलं की हशा व्हायचा. नवऱ्याचे तळवे सोलून निघाले. सून संध्याकाळी त्यावर तेल लावायची.

"खाणीचा विषय संपला ना?" तिने विचारलं.

"दोर कसोटीला उतरला तर संपला." तो तळवा झटकत म्हणाला. "नाही उतरला, तर तोंड लपवायला खाणच बरी."

तो सुनेला मनापासून आवडायचा. माणूस कमी बोलणारा, पण माळ तिच्या नावावर हसायचा तेव्हा तोही हसतोय असं तिला कधी दिसलं नव्हतं. आपला माणूस धूळ खायला लांब जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. रोज वाख विंचरताना ती तेवढंच मागायची, कुणाकडे ते तिलाही सांगता आलं नसतं.

पदर तयार झाले. वरच्या गावाने बैलगाडीतून आणले, खालच्या गावाने होडीतून. मैदानात आठही पदर शेजारी शेजारी ताणले, एका टोकाला खुंटा, दुसऱ्या टोकाला मोठं चाक. वस्तादांनी हात वर केला. चाक फिरलं.

सुरुवातीला सगळं बरं दिसलं. मग वरच्या गावाचे चार पदर आपसूक उकलायला लागले. त्यातले धागे सुटे होऊन लोंबले. आणि खालच्या गावाच्या चार पदरांना पीळ जास्त होऊन ते आखडले, त्यांना जागोजागी वळ्या पडल्या, एक वळी उसळून मुलाच्या कानशिलावर बसली. तो मटकन खाली बसला.

"थांबवा! थांबवा चाक!"

चाक थांबलं. वस्ताद दोराजवळ गेले, वाकायची सवय नव्हती म्हणून गुडघे टेकले, आणि खालच्या गावाचा पदर बोटांत धरून बघितला.

"उलटा," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या कामाला सुद्धा उलटाच घातलात?"

"उलटा कुणाचा?" दादा टाचांवर उभा राहिला. "आम्हाला वाटलं, या वेळी तरी तुम्ही अक्कल वापराल."

"माझी अक्कल काढतोस?"

"असेल तर काढीन ना!"

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. कुणी कुणाच्या आजोबांनी विकलेल्या कुजक्या दोरापर्यंत गेलं. कुणी होडीत चिखल टाकला. वाखवाला मधे उभा राहून सांगत होता, पीळ सोडून पुन्हा घालायला गेलात तर वाख तुटेल, नवा वाख नाही, ऐका, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. कुणी म्हणालं, आपापल्या चार पदरांचे दोन दोर करा. चारच पदर एकत्र धरून कडीतून घालून बघितले तर कडी निम्मी रिकामी राहिली.

"ही बया घरात आणली तेव्हापासून सगळं उलटं चाललंय," वस्ताद सगळ्यांसमोर सुनेकडे हात करून म्हणाले.

दादाचा चेहरा पडला. सुनेला वाटलं, आपण जमिनीत जावं. ती खाली बसली आणि सांडलेले वाखाचे पुंजके गोळा करू लागली, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने कपड्यांचं गाठोडं बांधलं. कानशील सुजलेलं. ती बघत होती. त्याने गाठोडं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं.

"जेवून जा," ती म्हणाली.

"हो."

तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. ती पाणी भरायला विहिरीवर गेली. सासू आधीच तिथे होती, काठावर उभी राहून पोहरा ओढत. सासू म्हणजे तोंडाने फटकळ. सुनेला डाव्या पिळाची हे नाव पहिल्यांदा तिनेच दिलं होतं आणि त्याचा तिला बरीच वर्षं अभिमान होता.

"ए," सासू म्हणाली, "हा दोर तू केलास ना?"

पोहऱ्याला लावलेला बारका दोर सुनेने मागे केला होता. माहेराहून आणलेल्या सुतळीचे चार पदर आणि घरच्या सुतळीचे चार, उरलेलं वाया जाऊ नये म्हणून. वळता येईना, म्हणून गोफ विणला होता. सासूने तेव्हा त्याला भेसळीचा दोर म्हटलं होतं.

"हो. का?"

"बघ की." सासूने भरलेला पोहरा मधेच धरून ठेवला. पोहरा सरळ लटकत होता. "शेजारणीचा पोहरा वर येईपर्यंत दहा गिरक्या घेतो, निम्मं पाणी सांडतो. आपला गिरकी घेत नाही. मी इतकी वर्षं पाणी ओढते, आजच माझ्या टाळक्यात शिरलं. हा फिरत का नाही?"

सुनेने दोर हातात घेतला. उजव्या पिळाचे पदर एका बाजूने येत होते, डाव्या पिळाचे दुसऱ्या बाजूने. एक सुटायला बघतो तिकडे दुसरा त्याला दाबून धरतो. तिने तो केला तेव्हा एवढा विचार केलाच नव्हता. हात चालले होते आणि झालं होतं.

"आई," ती म्हणाली. "ते आठ पदर वळायचे नाहीत. गुंफायचे."

सासूने पोहरा वर ओढला, पाणी तिथेच ओतलं आणि दोर सोडवून घेतला. "चल. आणि तू बोलू नकोस, मी बोलते. माझ्यापुढे ते टिकत नाहीत."

आणि खरंच टिकले नाहीत. वस्ताद खाटेवर तोंड भिंतीकडे करून पडले होते. सासूने तो ओला दोर त्यांच्या उघड्या पाठीवर टाकला. ते ओरडून उठले. मग ओरडणं अर्ध्यावर थांबलं, कारण माणूस कितीही रागात असला तरी हातात दोर आला की दोरवाला दोरच बघतो. त्यांनी दोर ताणला, पिरगाळला, दारच्या दगडाला बांधून दगड उचलला. दगड लटकला. फिरला नाही. त्यांनी त्याला मुद्दाम ढकलून फिरवला. तो अर्धी गिरकी घेऊन परत आला.

त्यांनी दगड खाली ठेवला आणि गोफावरून नख फिरवत एकेक पदर मोजला.

"एवढ्या जाड पदरांचा गोफ कोण विणणार?" शेवटी ते म्हणाले. "बोटांनी होणार नाही."

"पायांनी होईल," सून म्हणाली. सासऱ्यांसमोर तिने इतकं सरळ पहिल्यांदाच उत्तर दिलं. "एकेक पदर एकेका माणसाने खांद्यावर घ्यायचा आणि एकमेकांच्या मधून चालायचं."

नवरा गाठोड्याजवळ उभा होता. त्याने गाठोडं पायाने खाटेखाली सरकवलं आणि बाहेर पडला. "दादाला मी बोलावून आणतो," जाता जाता म्हणाला. "माझं सुजलेलं कानशील बघितलं तर नाही म्हणायचा नाही."

मैदानात पुन्हा खुंटा रोवला. वळ्या पडलेले पदर ओले करून, हलक्या हाताने सरळ करायलाच खूप वेळ गेला, आणि ते दोन्ही गावच्या बायकांनी केलं. मग आठ माणसं उभी राहिली. चार वरची, चार खालची. प्रत्येकाच्या खांद्यावर मांडीएवढं जाड वेटोळं. मधे सून.

"वरचे!" तिने हाक दिली.

वरच्या गावाची माणसं खालच्यांच्या मधून पलीकडे गेली.

"खालचे!"

खालची माणसं गेली. पहिल्याच फेरीत दादा आणि वस्तादांचा मुलगा एकमेकांवर आदळले. दुसऱ्या फेरीत एकजण चुकीच्या बाजूने गेला आणि सगळं सोडवावं लागलं. वरचे म्हणाले, खालच्यांना चालता येत नाही. खालचे म्हणाले, वरच्यांना मागे चालायची सवय, पुढे कसे चालणार. यावर वरचेही हसले. हसल्यावर पाय जरा सुटे झाले.

ऊन चढलं. घाम वाखात जिरला, खांद्याची सालं गेली, मान वळेना. सुनेचा घसा बसला. "वरचे" म्हणताना नुसती हवा यायला लागली. तेव्हा खुंट्याजवळ बसून गोफ ठोकून घट्ट करणारे वस्ताद उठले. सगळ्यांना वाटलं, झालं, आता काम हातात घेणार आणि घोळ घालणार. ते तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"तू नुसता हात कर," ते म्हणाले. "ओरडायला मी आहे. ओरडायची मला सवय आहे."

तिने हात उचलला. वस्तादांनी अशी काही हाक मारली की नदीवरचे बगळे उडाले. त्यानंतर एकही फेरी चुकली नाही. दमलेल्याचं वेटोळं दुसरा घ्यायचा, आणि तो कुठल्या गावचा हे बघायला कुणाला फुरसत नव्हती. वाखवाला सुद्धा खांदा द्यायला आला. त्याच्या वासाबद्दल कुणी ब्र काढला नाही, कारण आता सगळ्यांना तसाच वास येत होता. दोर वाढत गेला. दादाने टोक बांधलं, कडी घातली, आणि कडी अशी गच्च बसली की काढताना दोघांना ओढावी लागली. दादा टाचा न उचलता उंच दिसत होता.

धक्क्यावर दोर होडीतून नेला. मागोमाग दोन्ही गावं आणि डोंगरावरची वस्ती, मुलंबाळं कडेवर घेऊन. बाई छत्री घेऊन उभ्या होत्या. यारीचा लांब लोखंडी हात बोटीवर वळलेला. यारी चालवणारा माणूस वरच्या खोलीतून डोकावला आणि म्हणाला, "मंडळी, लांब उभे राहा. दोरावरची पेटी भोवऱ्यासारखी फिरते. परवाच एकाचा खांदा निखळला."

दोर लावला. खाली भली मोठी लोखंडी पेटी, दगडांनी भरलेली. यारी घरघरली. दोर ताणला, करकरला. नवऱ्याने सुनेचं मनगट धरलं, सगळ्यांसमोर, आणि दोघांच्याही ते लक्षात नव्हतं.

पेटी उचलली गेली. वर गेली. आणखी वर. यारीचा हात बोटीकडून धक्क्याकडे वळला. सगळ्यांचे डोळे पेटीच्या कोपऱ्यावर खिळलेले. कोपरा जिकडे होता तिकडेच राहिला. वारा आला, पेटी किंचित डोलली आणि पुन्हा तशीच. फिरली नाही. यारीवाल्याने ती धक्क्यावर ठरल्या जागी अलगद टेकवली आणि वरून दोन्ही हात बाहेर काढून हलवले.

मग जो गलका झाला! टोप्या उडाल्या, पोरं नाचली. वाखवाला भेटेल त्याला मिठी मारत सुटला. नवरा एवढं हसला की त्याच्या कानशिलाची सूज दुखली आणि तो हसता हसता कळवळला. कमी बोलणारा माणूस मोठ्याने म्हणाला, "मी कुठे जात नाही! ऐकलं का? मी कुठेही जात नाही!" सुनेच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि तिने त्या पुसल्या नाहीत.

बाईंनी दोरावर हात फिरवला. "सगळ्या बोटींना हाच. मग बोलायचं कुणाशी? दोर कुणाचा?"

वस्तादांनी आयुष्यभर या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. ते मागे झुकले. खाकरले.

"माझ्या सुनेचा," ते म्हणाले.

"तुमची सून नंतर," दादा म्हणाला. "आधी आमची बहीण."

"आमच्या घरात विणला तिने!"

"हात कुठला? हात आमच्या गावचा!"

"झालं सुरू," सासू म्हणाली. "अरे, ती इथे उभी आहे. तिला विचारा की."

सगळे तिच्याकडे वळले. तिच्या केसांत वाख अडकलेला, आवाज अजून बसलेला. ती पुढे आली.

"दोर सगळ्यांचा आहे," ती बाईंना म्हणाली. "वाख डोंगरावरचा, चार पदर यांचे, चार त्यांचे. यातलं एक जरी वगळलं तर दोर होत नाही. तेव्हा तिन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवून बोला." मग ती वस्तादांकडे वळली. "मला फक्त चाक पाहिजे. माळावरचं. माझ्या हाताने फिरवीन, डावीकडे."

वस्तादांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे. खूप वर्षांपूर्वी त्यांनीच तो मुठीवरून उचलून बाजूला ठेवला होता, आणि हे त्यांना आठवत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"उद्या सकाळी माळावर ये," ते म्हणाले. "पण वेळेवर. उशिरा उठणारी माणसं मला चाकावर चालत नाहीत."

"बाबा," सून म्हणाली, "तुम्ही उठता तेव्हा चहा कोण हातात देतं?"

आधी सासू हसली, मग दादा, मग सगळा धक्का. वस्ताद सगळ्यात शेवटी हसले, पण हसायला लागले ते थांबेचनात. मागे झुकत झुकत इतके झुकले, की मुलाला धावत जाऊन त्यांना धरावं लागलं.